रुळांचे कठडे

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येकडे समुद्रात बेटांची एक माळ ओघळलेली आहे. या बेटांना तिकडे ‘की’ म्हणतात. किल्लीशी त्याचा काही संबंध नाही. स्पॅनिश ‘कायो’ म्हणजे लहान बेट, त्याचा हा अपभ्रंश. शेवटचे बेट ‘कायो वेसो’, म्हणजे हाडांचे बेट, इंग्रजी जिभेवर ‘की वेस्ट’ झाले. दोन भाषांच्या शेजारात गावांच्या नावांचे काय होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

रॉकफेलरचा भागीदार हेन्री फ्लॅगलर याने १९०५ साली या बेटांवरून आगगाडी न्यायला घेतली. पनामा कालव्याचा व्यापार की वेस्टला येईल, हा त्याचा हिशेब. तीन चक्रीवादळांनी काम मोडले, तरी २२ जानेवारी १९१२ रोजी ब्याऐंशी वर्षांचा फ्लॅगलर स्वतः गाडीने तिथे उतरला. व्यापार मात्र अपेक्षेइतका आलाच नाही.

पुढे मोटारींचा रस्ता आला, पण मधल्या खाड्यांवर फेरीबोटी. त्या ठिकाणी पूल बांधायला पहिल्या महायुद्धातले बेकार सैनिक आणले गेले. किनाऱ्यालगतच्या तकलादू छावण्यांत त्यांना ठेवले होते. २ सप्टेंबर १९३५ च्या वादळात त्यांना सोडवायला निघालेली गाडी उशिरा पोहोचली आणि लाटेने तिचे डबे रुळांवरून फेकून दिले. इंजिन तेवढे उभे राहिले. चारशेच्या वर माणसे गेली, त्यांत निम्म्याहून अधिक हे सैनिक. अनेकांच्या अस्थी इस्लामोराडाच्या स्मारकाखाली आहेत. वादळ दैवी खरे, पण छावण्यांची जागा माणसांनीच निवडली होती.

कर्जबाजारी रेल्वेने मार्ग आणि पूल सरकारला सहा लाख चाळीस हजार डॉलरना विकले. सरकारने कर्ज काढून फ्लॅगलरच्याच खांबांवर काँक्रीटचा रस्ता पसरला. बाहिया होंडाच्या पुलात लोखंडी सांगाडा अरुंद, म्हणून रस्ता त्याच्या डोक्यावरून नेला. उखडलेल्या रुळांचे कठडे केले. १९३८ साली मोटारी सुरू झाल्या. नाक्यावर मोटारीला एक डॉलर, शिवाय दर उतारूमागे पंचवीस सेंट. मुख्य भूमीवर जायला बेटवाल्यांनाही हाच एक रस्ता. १९४२ साली गोड्या पाण्याची नळवाहिनीही याच वाटेने की वेस्टला पोहोचली. टोल उठला तो १९५४ साली.

सात मैलांच्या पुलाशेजारी १९८२ साली नवा पूल झाला. जुन्याचा सव्वादोन मैलांचा तुकडा २०२२ साली दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. तो पिजन की या बेटापर्यंत जातो. फ्लॅगलरचे मजूर तिथे राहत. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत.