शासनाचा कागद कोणीं वाचावा?

लातूर जिल्ह्यांतील जळकोट व उदगीर हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. घरची आणि बाजाराची भाषा मराठी. वरिष्ठ कचेऱ्यांची व अदालतींची मात्र उर्दू. हुकुमाचा कागद शेतकऱ्याच्या हातीं पडे. तो त्याच्याच जमिनीविषयीं असे, परंतु त्यांतील एक अक्षरहि त्याला उमगत नसे. मग उर्दू जाणणाऱ्याच्या दारीं जावें, तो सांगेल तें खरें मानावें आणि घरची गोष्ट परक्याच्या कानीं घालावी, असा प्रकार होई. डोळे धड असूनहि माणूस कागदापुढें आंधळा कसा होतो, हें मराठवाड्यानें असें अनुभवलेलें आहे.

पुढें हें अंतर हळूहळू तुटत गेलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानी सत्ता संपली. १९५६ सालीं उदगीर तालुका बीदरमधून तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आला. १९६४ च्या अधिनियमानें मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. १९८२ सालीं लातूर जिल्हा झाला, आणि १९९९ सालीं जळकोट हें तालुक्याचें ठाणें बनलें. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानंतर तर अनेक दाखल्यांचे अर्ज 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून घरबसल्या करतां येऊं लागले.

परंतु ज्याला दिसत नाहीं, त्याचें काय? लुई ब्रेल यानें आपली ठिपक्यांची लिपि फ्रान्समध्यें १८२९ सालीं प्रसिद्ध केली. १९५१ सालीं भारतीय भाषांसाठीं भारती ब्रेल निश्चित झाली. पुढें संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली निघाल्या. त्यांपैकीं २००६ सालीं सुरू झालेली एनव्हीडीए ही तर विनामूल्य मिळते. मध्यस्थावांचून आपला कागद आपण ऐकावा, अशी आशा तेव्हां अंधांस वाटूं लागली.

अडचण निघाली ती अक्षरांचीच. जुन्या संगणकीय टंकांत पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण आंत साठविलेला असे रोमन वर्णाचा अंक. त्यामुळें डोळ्यांना मराठी दिसे आणि यंत्र मात्र अर्थहीन रोमन अक्षरें बडबडे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा अंक दिला आणि ही गांठ सोडविण्याचा मार्ग सांपडला. तरीहि एखादा शासननिर्णय छायाचित्रासारखा टिपून ठेवला, तर वाचक यंत्राला तेथें अक्षरें सांपडत नाहींत. अर्जाच्या शेवटीं वेडींवांकडीं अक्षरें ओळखावयास लावलीं आणि जोडीला ध्वनि दिला नाहीं, तर अर्ज तेथेंच अडतो. चित्रफितीखालीं मजकूर नसला, तर बहिऱ्यालाहि तिचा उपयोग नाहीं.

केंद्र सरकारनें २००९ सालीं सरकारी संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानें दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले, आणि सरकारी माहिती व सेवा त्यांना वापरतां येतील अशा करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. नियमांची भाषा मात्र शिफारशीची राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं राजीव रतुरी यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें याच दोषावर बोट ठेवलें: कायदा सक्ती करतो आणि नियम नुसता सल्ला देतो, हें विसंगत आहे, किमान मानकें बंधनकारक असलींच पाहिजेत. डोळे मिचकावून ओळख पटविण्याची अट ज्यांना पुरी करतां येत नव्हती, अशा ॲसिडहल्ल्यांतील पीडितांच्या व अंधांच्या तक्रारींवर ३० एप्रिल २०२५ रोजीं निकाल झाला. संगणकीय सेवांपर्यंत पोंचतां येणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असें न्यायालयानें त्यांत म्हटलें.

निजामी अमदानींतील शेतकऱ्याला जें हवें होतें, तेंच आजच्या अंध अर्जदाराला हवें आहे: आपला कागद आपण वाचावा, आणि आपलें खासगी आपल्यापाशींच राहावें. त्यासाठीं मजकूर युनिकोडमध्यें लिहावा, चित्राऐवजीं अक्षरें ठेवावींत आणि अर्जाच्या प्रत्येक रकान्यास यंत्राला वाचतां येईल असें नांव द्यावें. मराठवाड्यांत दप्तराची भाषा बदलतां आली, तालुक्याची कचेरी जवळ आणतां आली. त्या मानानें हें काम लहान आहे, आणि आतां तें कायद्यानेंहि नेमून दिलेलें आहे.