नावाची किंमत

दिंडोशीतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक बेबी ग्रँड पियानो विकायला काढला आहे. इमारत पाडून नवी बांधायचे ठरले, आणि पाच फूट लांबीच्या या तिपायी वाद्याला नव्या घरात जागा उरली नाही. मालकीणबाईंनी त्यावर चाळीस वर्षे मुलांना शिकवले. वाद्य त्यांना वडिलांकडून आलेले. झाकण उघडले की आतल्या पट्टीवर सोनेरी अक्षरे दिसतात : सी. बेख्श्टाइन, बर्लिन.

“तुम्ही लिहिता ना? मग या कारखान्याच्या परंपरेवर चार ओळी लिहून द्या. गिऱ्हाइकाला किंमत पटली पाहिजे,” बाई म्हणाल्या. चार ओळींचेच काम म्हणून मी होकार दिला आणि फसलो.

पहिल्या दोन ओळी चटकन सुचल्या. कार्ल बेख्श्टाइनने १८५३ साली बर्लिनमध्ये आपला कारखाना काढला. जानेवारी १८५७ मध्ये हान्स फॉन ब्यूलोने याच कारखान्याच्या पियानोवर लिस्टची सोनाटा प्रथमच जाहीररीत्या वाजवली, आणि कारागिराचे नाव युरोपभर झाले. लिस्टचा हात पडला की पियानोच्या तारा तुटत, असा तो काळ. अशा वादकाला पुरून उरणारे वाद्य घडवणे हे नुसत्या सुताराचे काम नव्हे. ओतीव लोखंडाची चौकट दोनशेहून अधिक तारांचा कित्येक टनांचा ताण पेलते, आणि खालची लाकडी फळी त्या ताणातून नाद उमटवते. लोखंडाचे बळ आणि लाकडाचा हळवेपणा यांचा संसार लावून देणे, ही खरी कारागिरी.

तिसरी ओळ जड गेली. १९०१ साली या कारखान्याने लंडनला विगमोर रस्त्यावर आपल्या नावाचे संगीतगृह बांधले. खर्च सुमारे एक लाख पौंड. १९१४ साली युद्ध पेटले आणि जर्मन नाव गुन्हा ठरले. मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. १९१६ साली ती लिलावात साडेछप्पन हजार पौंडांना गेली. पुढल्या वर्षी तेच सभागृह विगमोर हॉल म्हणून पुन्हा उघडले. भिंती त्याच, नाद तोच. पुसले गेले ते फक्त नाव.

येथपर्यंत वाचकाची सहानुभूती कारखान्याकडे जाते. चौथी ओळ ती परत मागते. कार्ल १९०० सालीच वारला होता. त्याचा मुलगा एडविन आणि सून हेलेने यांनी हिटलरला तो अजून सत्तेपासून दूर होता तेव्हापासून आपल्या घरी मान दिला, पैसा दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात बर्लिनचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. हीही परंपराच!

हे सारे दूरचे वाटेल. पण दिंडोशीला लागूनच मालाड आहे. १९३४ साली तेथे हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. ‘अछूत कन्या’चा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हे दोघेही जर्मन. १९३९ साली युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता. विर्शिंग मात्र पुढे येथेच राहिला, आणि ‘महल’मधला छायाप्रकाश त्याच्या कॅमेऱ्याने टिपला. सरकारी वहीत दोघांच्या नावांपुढे एकच शब्द होता : जर्मन. माणसे मात्र दोन होती.

मग जाहिरातीत काय लिहावे? मी बाईंना सगळे सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी हा घेतला तो सुरासाठी. त्या लोकांनी काय केले ते लपवायचे नाही, आणि मिरवायचेही नाही. पियानो कसा आहे तेवढे लिहा.”

तसे लिहिले. लोखंडी चौकटीवरचा अनुक्रमांक, ज्यावरून घडणीचे साल कळते. फळीला गेलेली एक बारीक चीर, मुंबईच्या पावसाळ्यांची खूण. दमट हवा आत शिरू नये म्हणून बाई दर पावसाळ्यात पियानोत दिवा जळता ठेवीत, तेही. पट्ट्यांवर हस्तिदंताचा पातळ थर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे. तेव्हा वनखात्याला विचारल्याखेरीज सौदा करायचा नाही, हेही स्पष्ट लिहिले. एकेकाळी ज्याची ऐट मिरवावी, तेच आज विकताना आड येते!

किंमत बाईंनी मनात धरली होती त्याहून कमी लिहिली. कागद घडी करून त्यांनी पियानोवर ठेवला आणि सवयीने एक सूर दाबला. तो किंचित उतरलेला होता. “हेही लिहा,” त्या म्हणाल्या.