खुतबा निजामाचा, सिक्का इंग्रजांचा

देऊळगाव राजाहून जालन्याला जाताना बुलढाणा जिल्हा कुठे संपला हे आज पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मात्र या रस्त्यावर रुपया बदलत असे. अलीकडे वऱ्हाडात 'कलदार', पलीकडे निजामाच्या मुलखात 'हाली'. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार, इंग्रज सरकारचा रुपया. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. (उर्दू कवी अल्ताफ हुसेन यांनी 'हाली' हे नाव घेतले ते याच शब्दावरून, चालू काळाचा माणूस या अर्थाने.) कलदार हा शब्द आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून सापडतो. हाली मात्र विसरला गेला.

गंमत अशी की वऱ्हाडही कायद्याने निजामाचाच होता. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, कर्ज वाढत गेले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती गेला. १९०२ मध्ये कर्झनने सालाना २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. मालकी नावापुरती उरली. १९३६ च्या करारात ती पुन्हा मान्य झाली, युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हटले जाऊ लागले आणि वऱ्हाडातल्या मशिदींत निजामाच्या नावाने खुतबा पढण्याचा हक्कही कबूल झाला. मुस्लिम राजवटींत सत्तेच्या दोन खुणा मानल्या जात: शुक्रवारचा खुतबा आणि सिक्का. मेहकर-चिखलीकडच्या मुसलमानाची स्थिती काय होती पाहा. खुतब्यात नाव निजामाचे, आणि नमाज आटोपून बाजारात गेला की हातातल्या नाण्यावर इंग्लंडचा बादशहा!

दोन नाण्यांचा भाव ठरलेला होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांचे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. हा भाव इंग्रजांच्या दादागिरीतून आला असा समज मी ऐकला आहे. तो चूक आहे. जुना कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी शेकडा ८१.८, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. भागून पाहा, उत्तर सातास सहाच्या अगदी जवळ येते. चांदीच्या बदल्यात चांदी वजनाला वजन आणि हातोहात द्यावी, हा फिकहमधल्या 'सर्फ'चा नियम आहे. 'सराफ' हा शब्द त्याच धातूतून आलेला. भावात अन्याय नव्हता. गरिबाचा खिसा हलका होई तो त्या भावावर वर लागणाऱ्या बट्ट्याने. बट्टा लागणे हा वाक्प्रचार मराठीत उगीच आलेला नाही.

हाली रुपयावर चारमिनार होता. मधल्या कमानीत एक अक्षर: महबूब अली खानांच्या काळात मीम, उस्मान अलींच्या काळात ऐन. जुन्या आसफजाही नाण्यांवर ९२ हा आकडाही दिसतो. अब्जद गणनेत 'मुहम्मद' या नावाची बेरीज तेवढी होते, म्हणून. १९१८ पासून नोटाही आल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत छापलेली असे. निजामाच्या राज्यात मराठीला जागा नव्हती असे सरसकट म्हणणाऱ्यांनी शाळा-कचेऱ्यांबद्दल म्हणावे, तिथे तक्रार खरी आहे. नोटेबद्दल म्हणू नये.

नाण्याचा भांडणासाठी वापर झाला तो १९४७ च्या अखेरीस. जैसे थे करारावर सही होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन राज्यात बेकायदा ठरवले. दिल्लीला डिवचण्याचे हे राजकारण होते. त्याची झळ मात्र सरहद्दीवर बसणार हे उघड होते. ज्याचा कापूस खामगावला आणि सोयरे जालन्याला, त्याने कोणत्या खिशात कोणता रुपया ठेवायचा? मला हा निर्णय त्या सरकारच्या सर्वांत अविचारी निर्णयांपैकी एक वाटतो. शतकभर लोकांनी दोन्ही नाणी एका हिशेबात बसवली होती, ती एका कागदाने तोडली.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली आणि पाच दिवसांत संस्थान संपले. त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यांत मुसलमानांवर काय गुदरले तो वेगळा आणि मोठा विषय आहे. नाण्याच्या बाबतीत मात्र नव्या सरकारने घाई केली नाही, आणि हे श्रेय द्यायला हवे. भारतीय रुपया आला, हाली पाडणे थांबले, पण चालू हाली कोणाच्या हातातून हिसकावला नाही. भाव तोच ठेवला, सातास सहा. खरे तर तोवर चांदीचा आधार उरला नव्हता. १९४० पासून कलदारात निम्मीच चांदी होती आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तरी जुना भाव मोडला नाही. निजाम राजप्रमुख झाले, १९५६ मध्ये ते पदही गेले, मराठवाडा आणि वऱ्हाड एकाच मुंबई राज्यात आले, तरी हाली कायद्याने जिवंत होता. तो रद्द झाला १९५९ मध्ये. राज्य गेल्यावर अकरा वर्षांनी! २०१६ च्या ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता ऐकून बारापर्यंत नोटा मोजलेल्या आपल्या पिढीला हा अवधी खोटा वाटेल.

बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो घेतला. त्याआधी काही महिने दुकानांत लेव आणि युरो अशा दोन्ही किमती लावण्याची सक्ती होती. भाव एका युरोला १.९५५८३ लेव, वर्षानुवर्षे बांधलेला. तरी लोक रस्त्यावर उतरले. महागाई वाढेल ही भीती त्यात मोठी होती. अर्थतज्ज्ञांनी ती हसण्यावारी नेली तरी मी नेणार नाही. भाव सरकार ठरवते, उरलेला अपूर्णांक कोणाच्या खिशात जायचा ते दुकानाच्या फळीवर ठरते.

आपल्याकडे तर ऐन संक्रमणात, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. मग पलीकडच्या बाजारात एकाच वेळी हाली आणे, कलदार आणे आणि नवे पैसे. सात रुपयांचा हिशेब सरळ होता. पण रोजगाऱ्याकडे सातच्या पटीत रक्कम कधी असते? एक हाली आणा म्हणजे नवे पैसे ५.३६. देणारा पाच म्हणणार, घेणारा सहा मागणार, आणि तराजू ज्याच्या हातात त्याचेच खरे होणार.