घनता-नकाशा व सांख्यिकीय गोपनीयता
एखाद्या प्रदेशात माणसे, घरे वा कारखाने कोठे दाट व कोठे विरळ आहेत, हे छटांनी किंवा ठिपक्यांनी दाखविणाऱ्या नकाशास घनता-नकाशा म्हणतात. अशा नकाशात कोणाचे नाव नसते. तरीही त्यावरून ओळख पटू शकते. ती पटू न देता नकाशा उपयुक्त ठेवणे, हा सांख्यिकीय गोपनीयतेतील एक अवघड प्रश्न होय.

लोकसंख्येची घनता छटांनी दाखविणारा आरंभीचा एक नकाशा हेन्री ड्र्यूरी हार्नेस यांनी आयर्लंडमधील लोहमार्गांच्या नियोजनासाठी १८३७ मध्ये तयार केला. सु. शंभर वर्षांनी या साधनाची दुसरी बाजू उघडी पडली. १९४१ मध्ये जर्मनव्याप्त ॲम्स्टरडॅमच्या नगरपालिकीय सांख्यिकी कार्यालयाने ज्यू रहिवाशांचा नकाशा काढला. त्यातील एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. नाव एकाचेही नव्हते. परंतु कोणत्या वस्तीला वेढा घालावयाचा, हे ठरविण्यास नावांची गरजही नव्हती. नाव गाळले की गोपनीयता राखली गेली, ही समजूत किती भाबडी आहे, याचे याहून दारुण उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतात १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या १५ व्या कलमान्वये जनगणनेच्या मूळ नोंदी पाहण्याचा अधिकार कोणासही नाही. कारखान्यांच्या माहितीस १९५३ च्या व पुढे २००८ च्या सांख्यिकी संकलन अधिनियमाने संरक्षण दिले. तथापि प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून काय ताडता येईल, हा प्रश्न केवळ मूळ नोंदी कुलुपात ठेवून सुटत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा या दृष्टीने बोलका आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, आकुर्डी, भोसरी येथे वाहन व अभियांत्रिकी उद्योग वाढले. पुढे हा विस्तार पुणे-नासिक रस्त्यावरील चाकणपर्यंत (खेड तालुका) पोहोचला. २०११ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची लोकसंख्या सु. १७·२७ लाख होती. एवढ्या गर्दीत एक माणूस सहज लपतो. मोठा कारखाना मात्र लपत नाही. नकाशाच्या एका चौकोनात एकच कारखाना असेल, तर तेथील कामगारांचा आकडा म्हणजे त्याचाच हजेरीपट होय. दोन असतील, तर प्रत्येकास आपला आकडा वजा करून दुसऱ्याचा काढता येतो. म्हणूनच तीनपेक्षा कमी घटकांचे आकडे स्वतंत्रपणे न देण्याचा प्रघात अनेक सांख्यिकी कार्यालयांत पडला.

माहिती दूरदूरच्या संगणकांवर विखुरलेली असेल व कोणीही आपली यादी दुसऱ्याच्या हाती देण्यास राजी नसेल, तर वेगळी युक्ती योजावी लागते. समजा, तीन कारखान्यांनी एकाच जाळीतील चौकोनांनुसार, कोठे किती कामगार राहतात, हे मोजले. पहिला आपल्या आकड्यात एक गुप्त यादृच्छिक संख्या मिळवून बेरीज दुसऱ्यास कळवितो. दुसरा व तिसरा क्रमाने आपापले आकडे त्यात मिळवितात. अखेरीस पहिला गुप्त संख्या वजा करतो. एकूण कळते, परंतु एकेकाचा आकडा झाकलेला राहतो. अर्थात पहिल्या व तिसऱ्याने संगनमत केल्यास दुसऱ्याचा आकडा उघडा पडतो.

बेरजेवरूनही व्यक्ती ताडता येऊ नये म्हणून प्रत्येक चौकोनातील आकड्यात थोडी यादृच्छिक वाढ-घट करतात. ही कल्पना स्टॅन्ली वॉर्नर यांच्या १९६५ च्या यादृच्छिक उत्तर पद्धतीशी जवळची आहे. तीत उत्तर देणाऱ्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे विचारणाऱ्यासही कळत नसे. सिंथिया ड्वर्क व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये विभेदक गोपनीयतेची काटेकोर व्याख्या केली : एका व्यक्तीची नोंद असली काय वा नसली काय, प्रसिद्ध होणाऱ्या फलितात जवळजवळ फरक पडता कामा नये.

या संरक्षणाची किंमत विरळ चौकोनांस मोजावी लागते. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेसाठी ही पद्धत स्वीकारली, तेव्हा लहान गावांचे आकडे बिघडतात, असा आक्षेप आला व आकड्यांतील वाढ-घट कमी करण्यात आली. हजारोंच्या वस्तीत दहा-वीसचा फेर नगण्य असतो. चाकणच्या आसपास एखाद्या गावाच्या कडेला भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कंत्राटी कामगारांची वस्ती मात्र तेवढ्याने नकाशावरून नाहीशी होऊ शकते. नळ, बसथांबा व दवाखाना अशा नकाशावरून ठरणार असतील, तर नकाशातून वगळली जाणारी वस्ती बहुधा हीच असेल.