रविवारची उपासना आणि रविवारची सुटी

आपल्या कारंज्याहून अमरावतीच्या रस्त्याला लागले की तळेगाव आणि तिवसा मागे टाकून मोझरी येते. तेथील गुरुकुंजात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसलेली माणसे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहेत. कित्येक जण त्या रांगेत स्वतः बसलेही असतील. वर्ध्याकडे गेले तर सेवाग्रामची प्रार्थनाभूमी आहे. वर आकाश, खाली जमीन, आणि एका बैठकीत सर्व धर्मांची प्रार्थना. शेजारी बसलेला माणूस कोणत्या जातीचा, हे तेथे कोणी विचारीत नाही. आपल्याला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कधी काळी कोणाला तरी धैर्याने सुरू करावी लागली असेल, हे ध्यानातही येत नाही. आज मला त्या सुरुवातीविषयी बोलावयाचे आहे. मी विद्वान नव्हे. कामगारांच्या सभा भरविणे आणि मालकांच्या दारात बसणे हा माझा धंदा. वाचन जे झाले ते त्यातून उरलेल्या वेळात झाले. म्हणून या इतिहासाकडे मी माझ्या धंद्याच्या बाजूने पाहिले तर ते आपण गोड मानून घ्यावे.

मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा नावाची एक मंडळी जमली. मराठी व्याकरणामुळे सर्वांना माहीत असलेले दादोबा पांडुरंग हे तिच्या चालकांपैकी एक. ईश्वर एक आहे, माणसामाणसांत जातिभेद नाही, असे ही मंडळी मानीत. पण मानीत ती बंद दाराआड. सभासद होणाऱ्याने परजातीच्या हातचे खाऊन दाखवावयाचे, आणि बाहेर पडल्यावर तोंड पुसून पुन्हा आपापल्या पंक्तीला जाऊन बसावयाचे. या लोकांना हसू नये. जातीबाहेर टाकणे म्हणजे काय असते, हे ज्याच्या दारचे न्हावी-परीट बंद झाले त्यालाच कळते. १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटणार अशी आवई उठली, आणि सभा पाण्यावरच्या बुडबुड्याप्रमाणे नाहीशी झाली. गुप्त संघटना एका यादीने मरते. आमच्या धंद्यातही हा अनुभव नवा नाही.

त्यानंतर सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. या वेळी दार उघडे होते. मधल्या काळात, १८६४ साली, बंगालचे केशवचंद्र सेन मुंबईस येऊन बोलून गेले होते, त्याचाही परिणाम झाला. परंतु मुंबईकरांनी ब्राह्म समाज हे नाव घेतले नाही. आपली मुळे आपल्या संतांत आहेत, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे थोड्याच वर्षांत समाजात आली, आणि तुकोबांचे अभंग हेच त्यांच्या उपासनेचे प्रमुख साहित्य झाले. १८७४ साली गिरगावात समाजाचे मंदिर उभे राहिले. त्यात मूर्ती नाही. दर रविवारी उद्बोधन, स्तवन, प्रार्थना, उपदेश आणि शेवटी आरती, असा क्रम असे. बायकापुरुष एकत्र बसत.

आता या रविवारचाच मला विचार पडतो. गिरगावच्या मंदिरात तुकोबांचा अभंग गायिला जात असता, तेथून फार दूर नसलेल्या परळ-लालबागच्या गिरण्यांत काय चालले होते? गिरण्या चालू होत्या. रविवार हा सुटीचा वार सरकारी कचेरीतल्या कारकुनाचा, वकिलाचा, प्राध्यापकाचा होता. साच्यावरच्या माणसाचा नव्हता. दिवे नव्हते तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची ठरलेली सुटी नाही. मग समाजाच्या मंदिरात कामगार का दिसत नाही, असे विचारण्यात काय अर्थ? देवाने बोलाविले तरी जॉबर सोडीत नव्हता.

समाजातील मंडळींना हे अगदीच दिसत नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. १८७६ साली त्यांनी मुंबईत कामकरी लोकांसाठी रात्रीच्या शाळा काढल्या. त्याच्या आदल्या वर्षी पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू केला, तोही समाजाच्याच छत्राखाली चालला. रात्रीची शाळा ही लहान गोष्ट नव्हे. बारा-तेरा तास उभे राहिलेला माणूस दिव्याखाली पाटीवर अक्षर काढतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर काय ओझे असते, ते मी पाहिले आहे. तरीही शाळा रात्रीची का करावी लागते, दिवसा का होत नाही, हा प्रश्न समाजाने विचारला नाही.

तो प्रश्न विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे प्रार्थना समाजाचे नव्हेत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. दीनबंधु पत्र त्यांनी १८८० पासून चालविले. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला गिरणी कामगारांची सभा भरली, आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाहा : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार. सहा वर्षे खटपट चालली. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मोकळा हवा, असे लोखंडे मांडीत, असे सांगतात. मला ती युक्ती फार आवडते. कामगाराला जो वार पवित्र वाटतो, तोच त्यांनी मागितला.

तर गिरगावच्या मंदिरात रविवार होता आणि परळला नव्हता; सोळा वर्षांनी परळला आला. पण परळचा माणूस गिरगावला गेला नाही. ते साधण्यासाठी उलट दिशेने चालणारा माणूस लागत होता.

तो माणूस म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे. जन्म जमखंडीचा, २३ एप्रिल १८७३ चा. घर वारकरी वळणाचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली ते बी.ए. झाले आणि त्याच सुमारास प्रार्थना समाजात आले. येथे युनिटेरियन लोकांशी आपला संबंध येतो, आणि ते कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. ख्रिस्ती धर्मात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन मिळून एक ईश्वर मानतात. युनिटेरियन म्हणतात, ईश्वर एकच. येशू हा थोर गुरू, पण माणूस. यासाठी युरोपात माणसे जाळली गेली आहेत. पूर्व युरोपातील ट्रान्सिल्वेनियात १५६८ साली धर्माच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती करू नये असा ठराव झाला, त्यामागे याच विचाराचे लोक होते. आपल्या देशातही हा पंथ सगळाच साहेबाने आणलेला नाही. मद्रासला १७९५ साली ज्याने युनिटेरियन मंडळी काढली तो विल्यम रॉबर्ट्स हा तमिळ मनुष्य, एके काळी चाकर म्हणून विलायतेला गेलेला. खासी टेकड्यांत १८८७ साली हाजोम किसोर सिंग या तरुणाने तीच गोष्ट केली. ती मंडळी तेथे आजही नांदते आहे.

महाराष्ट्रात मात्र युनिटेरियन देऊळ उभे राहिले नाही. येथे प्रार्थना समाज होता आणि त्यांना तोच आपला भाऊबंद वाटला. अमेरिकेचे संडरलंड हे १८९५-९६ साली हिंदुस्थानात फिरून गेले. त्यांच्या खटपटीने येथील तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळू लागली. ती शिंद्यांना मिळाली. प्रवासखर्चाला हातभार बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी लावला. १९०१ ते १९०३ ही दोन वर्षे शिंदे तेथे शिकले. त्यांचे एक गुरू एस्टलिन कार्पेंटर; पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे जाणकार. हे मेरी कार्पेंटरबाईंचे भाचे. मेरीबाईंचे वडील ब्रिस्टल येथे युनिटेरियन धर्मोपदेशक होते. राममोहन रॉय १८३३ साली वारले तेही ब्रिस्टललाच, याच मंडळींच्या सहवासात. मेरीबाई १८६६ साली स्वतः हिंदुस्थानात आल्या होत्या. धागा असा लांबून आलेला आहे.

शिष्यवृत्ती घेताना धर्म बदलण्याची अट नव्हती. परक्याचे अन्न खाऊन आपल्या घरचे काम करावयास परत येणे, हे दोन्ही बाजूंना शोभून दिसले. त्या विलायती मंडळींचे एक काम मला विशेष वाटते. लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूलसारख्या शहरांत त्यांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन बसणारे उपदेशक ठेवले होते. डोमेस्टिक मिशन असे त्याला म्हणत. गरीब देवळात येत नाही, तर देवळाने गरिबाकडे जावे, एवढी साधी कल्पना. जाताना ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत १९०३ च्या सप्टेंबरात निबंध वाचून शिंदे परतले, आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

प्रचारक म्हणून हिंडताना त्यांना दिसले ते अस्पृश्यांचे जिणे. नगरजवळ भिंगारला महार मंडळींच्या सभेला ते गेले, आणि त्या रात्रीने त्यांच्या आयुष्याची दिशा पक्की केली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू झाली. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, चिटणीस शिंदे. गिरगाव सोडून परळ निवडले, हेच मला त्यातले मुख्य वाटते. शाळा, वसतिगृह, दवाखाना, शिवणकाम आणि रविवारची उपासना. पांढऱ्या कपड्यांतला माणूस येऊन उपदेश करून संध्याकाळी घरी गेला, असे येथे नव्हते. शिंदे आणि त्यांच्या घरची माणसे त्या वस्तीतच राहिली. बहीण जनाबाई मुलींना शिकवीत. मुंबईबाहेरही शाखा निघाल्या, आणि आपल्या विदर्भात गणेश आकाजी गवई या कामात पडले.

येथवरची कथा ऐकताना मन भरून येते. आता जी सांगतो ती थोडी टोचणारी आहे.

राजकीय सुधारणांचा प्रश्न निघाला, तेव्हा अस्पृश्यांच्या प्रतिनिधींची निवड त्यांच्या स्वतःच्या संस्थांनी न करता कायदे कौन्सिलच्या सभासदांनी करावी, अशी सूचना मिशनकडून आली. १९२० च्या मे अखेरीस नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष शाहू महाराज होते. तरुण आंबेडकरांनी या सूचनेचा तेथे कडक समाचार घेतला आणि परिषदेने तिच्याविरुद्ध ठराव केला. चौदा वर्षे ज्याने वस्तीत राहून काम केले, त्याला त्याच लोकांच्या परिषदेत, नागपुरासारख्या आपल्या दाराशी असलेल्या शहरात, नापसंती ऐकावी लागली. पुढे १९२३ साली शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले.

यात चूक कोणाची? मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे, हे आधी सांगून टाकतो. आपला प्रतिनिधी दुसऱ्याने निवडावा, हे युनियनच्या माणसाला कधीच पटणार नाही. पण शिंदे मला परके वाटत नाहीत, कारण त्यांच्या जागी मी बसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या तडजोडीला मी कामगारांना न विचारता होकार दिला. रक्कम चांगली होती, आणि त्यांना काय हवे ते मला कळते, अशी माझी खात्री होती. संध्याकाळी दारसभेत मी आकडा सांगितला. कोणी टाळी वाजविली नाही. एक म्हातारा जिनिंग कामगार उठला आणि म्हणाला, भाऊ, पैसे बरोबर आहेत, पण तुमी आमाले इचारलं नाही. तडजोड त्यांनी फेटाळली नाही, पण पुढच्या निवडणुकीत कमिटीवर माझ्या पसंतीची माणसे आली नाहीत. मला राग आला होता. तो उतरायला वर्षे लागली.

शिंद्यांचा राग त्यांच्या कामात फारसा उतरला नाही. शेतकऱ्यांच्या परिषदा, इतिहास आणि भाषा यांचे संशोधन, ब्राह्म समाजाचे काम चालूच राहिले. १९३० च्या कायदेभंगात सत्तावन्नाव्या वर्षी ते येरवड्याला सक्तमजुरीवर गेले. बहुजन समाजातल्यांना ते फार ब्राह्मो वाटत, आणि ब्राह्मो-प्रार्थनावाल्यांना फार राजकीय. समाजाच्या प्रचारकाचे काम तर त्यांनी १९१० सालीच सोडले होते. २ जानेवारी १९४४ रोजी ते वारले. त्यांच्या मागे मोठा पंथ उरला नाही. मोझरीला जसे हजारो माणसांनी एका सुरात बसणे शक्य झाले, तसे गिरगावात कधी झाले नाही. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन खेड्यात गेले, रात्री चावडीपुढे बसले, शेतकऱ्याच्या बोलीत बोलले. प्रार्थना समाजाचा उपदेश शुद्ध होता, पण त्याला अंगरखा लागत होता. शिंद्यांनी तो उतरविण्याचा प्रयत्न केला, एवढे मात्र खरे.

गिरगावातले ते मंदिर आजही उभे आहे. मुंबईत त्या चौकालाच प्रार्थना समाज हे नाव पडले आहे. कोणी पत्ता विचारला की टॅक्सीवाला तेवढेच म्हणतो. पहिल्यांदा युनियनच्या कामाला गेलो तेव्हा मीही तेथे उतरलो होतो, आणि समोरच्या इमारतीकडे न बघता रस्ता ओलांडून गेलो होतो. तो रविवार होता.