परवलीचा शब्द विचारतो कोण?

रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई येणाऱ्याला हटकतो आणि परवलीचा शब्द विचारतो, ही रीत फार जुनी आहे. शब्द बरोबर आला की वाट मोकळी. येणारा खरा की खोटा, हे शिपाई पारखतो. पण शिपाईच खोटा असला तर? शत्रूचा माणूस पहारेकऱ्याच्या वेषात उभा राहिला, तर आपण आपल्याच तोंडाने त्याला शब्द सांगून मोकळे होऊ. संगणकाच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला आहे.

१९६१ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एका वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक! तेव्हा ज्याचं काम त्याच्यापाशी राहावं म्हणून पुढे प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. त्या वेळी टंकयंत्रासारख्या यंत्रावर अक्षरे दाबायची आणि ती कागदावर उमटायची. म्हणून शब्द घेताना छपाई बंद ठेवण्याची युक्ती काढावी लागली. आज आपण पिन टाकतो तेव्हा आकड्यांऐवजी ठिपके दिसतात ना, त्यांचा हेतूही हाच.

पण नुसते झाकून भागत नाही. त्याच व्यवस्थेत साठीच्या दशकाच्या मध्यास दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द वाचायला मिळाले! शब्द विचारण्याइतकेच तो सांभाळणेही जोखमीचे, हे तेव्हा कळून आले.

पुढे १९९१ साली फिल झिमरमन यांनी पत्रे गुप्त लिपीत घालणारी पी. जी. पी. ही प्रणाली लोकांच्या हाती दिली. तिची किल्ली उघडायला एका शब्दाऐवजी अख्खे वाक्य वापरता येई. लांब वाक्य ओळखणे चोराला अवघड जाते. १९९९ साली जर्मनीतील वेर्नर कोख यांच्या ‘जी. एन. यू. प्रायव्हसी गार्ड’ या मोफत प्रणालीची पहिली पक्की आवृत्ती आली. या प्रणालीत पुढे जी व्यवस्था रूढ झाली, ती मोठी शहाणपणाची आहे.

या व्यवस्थेत वाक्य विचारण्याचे काम ‘पिनएन्ट्री’ नावाच्या वेगळ्या, छोट्या कार्यक्रमाकडे सोपविले आहे. त्याचे काम एकच: चौकट दाखवायची, वाक्य घ्यायचे, किल्ल्या सांभाळणाऱ्या कारभाऱ्याच्या हाती द्यायचे आणि बाजूला व्हायचे. वाक्य स्मृतीच्या अशा भागात ठेवायचे की ते तबकडीवर उतरू नये. मांडणीत तसे सांगितले असेल तर चौकट उघडी असेपर्यंत कळफलक आपल्या ताब्यात घ्यायचा, म्हणजे शेजारचा दुसरा कार्यक्रम कान देऊन बसला तरी त्याला काही ऐकू येऊ नये. चित्रमय पडद्यासाठी या चौकटीची रूपे वेगळी, आणि नुसत्या अक्षरांच्या पडद्यासाठी वेगळी. कोणते रूप वापरायचे हे कारभाऱ्याच्या मांडणीच्या फाइलीत एका ओळीत लिहिता येते. वेष बदलला तरी पहारेकरी तोच.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण २०१६ साली आपल्याकडे यू. पी. आय. सुरू झाले, त्यातही हेच तत्त्व आहे. ॲप कोणत्याही कंपनीचे असो, पिन विचारणारे पान नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने पुरविलेले असते; पिन ॲपवाल्याच्या हाती जात नाही.

शिक्षकमित्रांनी हे मुलांना जरूर सांगावे, आणि मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना. कारण आजचा चोर कुलूप फोडत बसत नाही. तो पहारेकऱ्याचा वेष घेतो. फोनवर गोड बोलून म्हणतो, “तुमचे पैसे जमा करतो, तेवढा पिन टाका.” लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो लागतो पैसे द्यायला. तेव्हा शब्द आठवतो का, हे नंतर पाहावे. विचारणारा कोण आहे, आणि कशासाठी विचारतो आहे, हे आधी पाहावे.