एका अमावास्येची दोन नावे
जामकाठच्या जत्रा-उत्सवांचा मागोवा

पोळा कोणत्या महिन्यात येतो? पांढुर्णा किंवा सौसरच्या एखाद्या आठवीतल्या मुलाला हा प्रश्न विचारला तर दोन उत्तरे मिळतात, आणि दोन्ही बरोबर असतात. घरातली आजी सांगते, पोळा श्रावणी अमावास्येचा. शाळेतल्या भिंतीवरचे हिंदी पंचांग सांगते, ती भाद्रपद कृष्ण अमावास्या. चंद्र एकच, दिवस एकच. परंतु महिन्याचे नाव निराळे. कारण असे की, महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेला संपतो. त्यामुळे वद्य पक्षात दोन्हीकडची नावे जुळत नाहीत. शुद्ध पक्षात मात्र तंतोतंत जुळतात. आपला श्रावण सुरू होतो तेव्हा हिंदी शेजाऱ्याचा सावन अर्धा उलटलेला असतो, आणि ज्या अमावास्येला आपण लक्ष्मीपूजन करतो ती आपल्याकडे आश्विनाची, त्याच्याकडे कार्तिकाची.

ही बाब वरकरणी पंचांगकर्त्यांची वाटते. वास्तविक आपल्या या सीमाभागाचा सारा इतिहास तिच्यात सामावला आहे. दोन महिने एकाच घरात नांदवण्याची सवय आपल्या लोकांना लागली कशी, आणि ती पुढे टिकेल काय, हे पाहायचे तर येथील वार्षिक जत्रा-उत्सवांकडेच वळले पाहिजे.

घाटाखालचा मुलूख

छिंदवाडा जिल्ह्यात पूर्वापार दोन प्रदेश मानले जात : घाटावरचा आणि घाटाखालचा. सिल्लेवानीचा घाट उतरला की जमीन काळी होते, कापूस आणि संत्री दिसू लागतात आणि बोली नागपुरी वळणाची मराठी होते. हा घाटाखालचा भाग म्हणजे जुनी सौसर तहसील; पांढुर्णाही इंग्रजी अमलात तिच्यातच मोडत असे. त्याआधी येथे देवगडच्या गोंड राजांचे राज्य होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपूरकर भोसले आले, १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत बनला. या सर्व उलथापालथीत एक गोष्ट कायम होती. आपली राजधानी नागपूर होती. बाजार नागपूरचा, पंचांग नागपूरचे, सोयरीकही बहुधा त्याच बाजूची.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, घाटाखालच्या मराठी मुलखासह, नव्या मध्यप्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. कचेरीची भाषा हिंदी, पुढे पुढे शाळेचीही हिंदी. नकाशावरची रेघ सावनेर आणि सौसर यांच्या मधून गेली. सोयरिकी आणि सण मात्र त्या रेघेला विचारून ठरले नाहीत.

पोळा आणि पोळ्याची कर

आपल्या वर्षाचा कणा पोळा होय. आदल्या दिवशी बैलांची खांदमळण, दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, कपाळी मठाटी, पाठीवर झूल, आणि तिसऱ्या प्रहरी आखरावर तोरणाखाली रांग. मानाची जोडी पुढे. मग झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे नुसती गंमत नव्हे. सावकार, पटवारी, पुढारी, न पडलेला पाऊस आणि पडलेला कापसाचा भाव या सर्वांची हजेरी तीत घेतली जाते, आणि शेवटी ‘हर हर महादेव’च्या गजरात तोरण तुटते. मग घरोघर ओवाळणी आणि बोजारा. सौसर-पांढुर्ण्याच्या खेड्यांत घरी हिंदी बोलणारी कुटुंबेही तोरणाखाली येतात, पण झडती मराठीतच पडते. हा अलिखित नियम आहे.

दुसरा दिवस भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा. या दिवसाला आपण पोळ्याची कर म्हणतो. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी लावलेले पळसाचे मेढे पहाटे उचलून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे आणि त्यांच्यासोबत रोगराई, किडे, पीडा यांनाही हाकलायचे, असा या दिवसाचा मूळ अर्थ आहे. नागपुरात याच दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळाही त्याच दिवशी. त्याची परंपरा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळापर्यंत नेली जाते.

आणि याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते.

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पहाटे सावरगावची मंडळी जंगलातून आणलेले पळसाचे झाड नदीच्या मधोमध रोवतात, त्यावर झेंडा लावतात, पूजा होते. मग दिवसभर दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव. पांढुर्णेकरांनी झाडापर्यंत पोचून ते कुऱ्हाडीने तोडावे आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यावा, ही जिंकण्याची रीत. संध्याकाळपर्यंत झाड तुटले नाही तर दोन्ही बाजू समेट करतात आणि झेंडा देवीलाच अर्पण होतो.

गोटमारीची कथा सर्वांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवली, नदी ओलांडताना मुलीकडच्यांनी दगड मारले, मुलाकडच्यांनी उलट मारले, आणि त्या दोघांच्या स्मरणार्थ हा खेळ चालू झाला. भोसल्यांच्या फौजेच्या सरावातून तो निघाला, असेही काही जण सांगतात. कागदोपत्री आधार दोहोंनाही दाखवता येत नाही. मला स्वतःला या खेळातील दोन गोष्टी अधिक बोलक्या वाटतात : दिवस करीचा आणि झाड पळसाचे. जो पळस घरोघरच्या दारातून शिवेबाहेर नेला जातो, तोच येथे दोन गावांच्या शिवेवर, म्हणजे नदीच्या पात्रात, उभा केलेला दिसतो. शिवेवरची पीडा कोणाच्या वाट्याला जायची, हा मूळ झगडा असावा. प्रेमकथा मागाहून चिकटली असावी. याला जोड म्हणून आणखी एक दाखला देता येईल. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात गोंडांच्या होळीनंतरच्या एका खेळाचे वर्णन आहे. उंच खांबावर गूळ बांधतात. पुरुष चढू पाहतात आणि स्त्रिया छड्यांनी त्यांना झोडपून खाली आणतात. मधोमध खांब, वर मानाची वस्तू आणि मार खात ती मिळवणे, ही रचना या मुलखाच्या अंगात जुनीच आहे. फरक इतकाच की तेथे हातात ओली छडी आहे, येथे दगड.

हा फरक लहान नाही. १९५५ पासूनच्या मृत्यूंची मोजणी वर्तमानपत्रे दरवर्षी देतात. ती डझनाच्या पुढे गेली आहे. जखमींची संख्या दर वर्षी शेकड्यांत जाते. प्रशासनाने जमावबंदीचा हुकूम काढून पाहिला, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला टाकले आणि दगड उचलले. परंपरा आहे, असे म्हटले की आपल्याकडे वाद संपतो. परंतु करीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात डोक्याला पट्टी बांधलेली मुले बसलेली असतात, तेव्हा शिक्षकाला ते उत्तर पुरत नाही. आणि ज्यांना दगड मारायचे ते बहुतेक आपलेच साडू-मेहुणे असतात, हे दोन्ही काठांना पक्के ठाऊक आहे.

जामसांवली : जेथे तिथी जुळतात

पांढुर्ण्याहून हीच जाम नदी पूर्वेकडे वाहत सौसर तहसिलीत येते. जामसांवली येथे तिला सर्पा नदी मिळते आणि पुढे ती कन्हानला जाते. कन्हान नागपूर जिल्ह्यातून वाहत वैनगंगेला मिळते. म्हणजे गोटमारीचे पाणीही शेवटी महाराष्ट्रातच जाते!

जामसांवलीचा हनुमान आडवा आहे. पिंपळाखाली पहुडलेली ती शेंदरी भव्य मूर्ती एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही. मूर्ती पूर्वी उभी होती. खालचे धन काढायला चोर आले तेव्हा ते राखण्यासाठी देव आडवा झाला, अशी आख्यायिका आहे. नाभीतून पाझरणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. मनाच्या व्याधीने पिडलेल्यांना येथे आणून दिवसच्या दिवस ठेवण्याची रीत आहे. त्यांच्या घरच्यांच्या डोळ्यांतली आशा खरी असते. तीर्थाच्या जोडीला नागपूरच्या डॉक्टरचा कागदही त्यांच्या हाती असावा, एवढेच सांगावेसे वाटते.

मंगळवारी आणि शनिवारी येथे गर्दी असते, परंतु खरी जत्रा हनुमान जयंतीची. ती चैत्र शुद्ध पौर्णिमा. या तिथीला दोन्ही पंचांगे एकच नाव देतात. रांगेत पुढे नागपूरची मंडळी, मागे छिंदवाड्याची, एकाच्या तोंडी मारुतीराया, दुसऱ्याच्या तोंडी बजरंगबली. पूर्वी ही मंडळी सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौसर, रामाकोना अशी थांबत जाणाऱ्या नागपूर-छिंदवाडा छोट्या लाईनच्या गाडीतून यायची. ती छोटी लाईन २०१५ साली मोठ्या लाईनसाठी बंद झाली.

मात्र सर्पेच्या काठावरच्या मोहगाव हवेलीला अर्धनारीश्वराच्या दर्शनाला गेलात, तर पुन्हा दोन नावे. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. त्याच शिवरात्रीला विदर्भातले भाविक त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीजवळच्या चौरागडावर मोठ्या महादेवाला जातात. त्यांची वाट आपल्याच मुलखातून घाट चढते. वाटेत बायका महादेवाची गाणी म्हणत जातात, आणि घाटावरची हिंदी, गोंडी बोलणारी गावे त्यांना पाणी देतात. या वाटेने जितकी मराठी सातपुड्यात गेली तितकी कोणत्याही शाळेने नेली नसेल.

करमणूक आणि कायदा

जत्रा म्हटली की आकाशपाळणा, मौत का कुआँ, रेवड्या, बांगड्या आणि रात्रीचा तमाशा किंवा खडी गंमत ओघाने आलीच. खडी गंमतीतला शाहीर नागपूर-भंडाऱ्याकडचा असला तरी आपल्याकडे आला की मधेच हिंदीत शिरतो आणि श्रोत्यांना त्यात वावगे वाटत नाही. टुरिंग टॉकीज गेले, त्या जागी मोठ्या आवाजाचे डी.जे. आले. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर फिरत. आता त्या शिकवणीला जातात.

एका खेळात मात्र नकाशावरची रेघ आडवी आली. तो खेळ म्हणजे शंकरपट. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरवले. त्या निकालात मध्यप्रदेशाचा कायदा नव्हता. त्यामुळे एकाच शिवारातल्या दोन भावांच्या दोन जोड्यांना दोन न्याय लागू झाले. ज्यांना सीमा ही केवळ कागदावरची गोष्ट वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नवा जिल्हा, जुने शब्द

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसांवलीत ‘हनुमान लोक’ या भव्य परिसराचे भूमिपूजन झाले, आणि त्याच वेळी मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सौसर आणि पांढुर्णा मिळून नवा जिल्हा अस्तित्वात आला. मराठी मुलूख प्रथमच स्वतःचा जिल्हा झाला, आणि त्याची घोषणा कचेरीत न होता मारुतीच्या अंगणात झाली. आपल्या इतिहासाला हे साजेसेच म्हणावे लागेल.

तथापि जिल्हा झाल्याने झडती टिकत नाही. मोठे दरवाजे आणि दगडी मार्गिका सरकार बांधील. ‘मेढा’, ‘मठाटी’, ‘बोजारा’ हे शब्द सरकार बांधू शकत नाही. शब्द घरात आणि आखरावरच जगतात. आपली मुले हिंदीत शिकतात, त्यात कमीपणा काहीच नाही. नोकरीची वाट तीच आहे. पण पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभा राहिलेला मुलगा झडती समजू शकला नाही, तर त्या दिवशी तो गर्दीतला एक पाहुणा ठरेल.

म्हणून दोन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, येत्या वर्षभरात प्रत्येक गावाने आपल्या झडत्या, महादेवाची आणि भुलाबाईची गाणी एका वहीत उतरवून घ्यावीत. जाणती माणसे आहेत तोवरच हे होईल. दुसरे काम अधिक अवघड, आणि ते पोलिसांचे नाही. पळस नदीत रोवावा, झेंडा लावावा, पूजा करावी, दोन्ही गावांनी काठावर यावे, आणि झेंडा दोघांनी मिळून चंडीमातेला न्यावा. हरलेल्या वर्षी आपण हेच तर करतो! समेटाची रीत परंपरेतच आहे. ती संध्याकाळऐवजी सकाळी पाळली तर परंपरा मोडत नाही. गोटमारीची तिथी शुद्ध प्रतिपदेची आहे. आपल्या आणि शेजाऱ्याच्या दोन्ही पंचांगांत तिचे नाव एकच आहे. त्या दिवशी दोन काठांनी एकमेकांशी भांडावे असे तिच्यात काहीच नाही.